वजा करावे

पुन्ता अरेनासला वाऱ्याच्या दिवसांत
चौकाचौकांत दोर बांधतात.
माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात,
टोप्या सामुद्रधुनीत जातात
आणि मनगटं आमच्या खोलीत येतात.

एकोणीस वर्षं मी प्लास्टर घालते.
हाड कुठे मोडलं ते फिल्म सांगते.
माणूस कसा पडला
ते मी त्याच्या बुटांवरून ओळखते.

सप्टेंबरात तादेओ आला.
तादेओ बार्रिया, वय दहा, उजवा हात,
मनगटाच्या वर दोन बोटं, दोन्ही हाडं.
पळत होता म्हणे.
कुणाच्या मागे?
मागे नाही. पुढे.
मऊ लागलं की कोपरानं खणणारी पोरं
जमीन संपते तिथेही असतात.

पडताना त्यानं हात पुढे केला.
सगळेच करतात.
त्या हातावर एकसष्ट किलो आले
आणि हाड होतं दहा वर्षांचं,
घाईघाईनं लांब झालेलं,
आतून अजून भरायचं राहिलेलं.

डॉक्टर आईशी हळू बोलले,
पण मुलाला ऐकू जाईल इतकंच हळू.
हिवाळाभर इथलं ऊन तिरकं,
उधारीवर दिल्यासारखं, आठ तासांत परत मागितलेलं.
पोरं घरात. घरात पाव,
संध्याकाळच्या चहाला पुन्हा पाव, वर लोणी,
आणि पाकिटं, काळ्या अष्टकोनी शिक्क्यांची :
साखर जास्त. मीठ जास्त. चरबी जास्त.

त्याची आई, इर्मा, खेकड्यांच्या कारखान्यात
दिवसाला दहा तास कवचं फोडते.
तिची बोटं बघितली मी.
"शिक्के वाचता येतात मला," ती म्हणाली,
"किमतीसुद्धा."
मग बराच वेळ काही नाही, आणि मग,
"लहानपणी अख्खी गल्ली त्याचे गाल ओढायची हो.
काय बाळसं धरलंय म्हणायची."

नेमकं कधी
बाळशाचा आकडा होतो?
सहाव्या वाढदिवसाला,
की मेणबत्त्या विझल्यावर, केक कापताना?

तादेओ रडला नाही.
ओल्या पट्ट्या गरम होत होत्या, तेव्हा एकच विचारलं :
"याचं वजन किती?"
"का रे?"
"सोमवारी शाळेत काटा आणतात.
बाई आकडा मोठ्यानं वाचतात."
"असेल नऊशे ग्रॅम."
"लिहून द्या. शिक्का मारून."

मी लिहून दिलं.
प्लास्टर : नऊशे ग्रॅम. वजा करावे.
होतं चारशेच.
एकोणीस वर्षांत
माझ्या हातून झालेली एवढीच लबाडी.

सहा आठवड्यांनी करवत चालवली.
प्लास्टर दोन शकलांत उघडलं आणि आतून
हात निघाला, सोललेल्या फांदीसारखा,
पांढरट, पापुद्रे सुटलेला, किडकिडीत.
त्यानं तो डाव्या हाताशेजारी ठेवला.
कितीतरी वेळ बघत राहिला.
मग हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.
म्हणाला,
"उरलेल्या मलाही घालता का?"

करवत बंद होती, तरी हाताला गुणगुणत होती.
सांगण्यासारखं पुष्कळ होतं,
भिंतीवरच्या तक्त्यावर छापलेलं, दूध, ऊन, चालणं.
मी म्हटलं, "हा हात बारीक झालेला नाही, तादेओ.
हा उपाशी राहिलाय. कामाविना."
आणि खणातला रबरी चेंडू दिला.
"रोज शंभरदा दाब."
चेंडू त्यानं घेतला. डाव्या हातानं.

खिडकीतून बघितलं,
दोघं कोपऱ्यावर पोचले होते. इर्मानं दोर धरला होता.
तेवढ्यात वाऱ्याचा एक लोट आला,
चौकातला सडपातळ पोलीस दोन पावलं मागे रेटला गेला,
एका बाईची पिशवी उडाली.
तादेओ दोर न धरता उभा होता.
तसूभरही हलला नाही.

त्यानं मान वळवून वर पाहिलं,
मी बघितलं की नाही, ते बघायला.